सुईने गाठ जळते. पण गळणाऱ्या हवेचे काय?

फुफ्फुसातील गाठीवर उपचार करायचा तर छाती उघडावीच लागते, ही समजूत आता मागे पडली आहे. सीटी स्कॅनच्या साह्याने बरगड्यांमधून सुई थेट गाठीत न्यायची आणि रेडिओलहरींच्या वा मायक्रोवेव्हच्या उष्णतेने गाठ जाळायची, ही पद्धत २००० सालापासून रुजत गेली. साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी आणि शस्त्रक्रिया न झेपणारे रुग्ण यांच्यासाठी ती विशेष उपयुक्त ठरते. रुग्णालयातील मुक्कामही थोडाच असतो.

मात्र सुईने फुफ्फुसाच्या आवरणाला छिद्र पडते. तेथून गळणारी हवा छातीच्या पोकळीत साठून फुफ्फुस आक्रसते. 'न्यूमोथोरॅक्स' ही या उपचारातील सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत होय. धूम्रपानाने फुफ्फुसे विरलेल्या रुग्णांत तिचा धोका अधिक असतो. बहुतेकदा हवा थोडीच असते व आपोआप शोषली जाते. निरीक्षण, प्राणवायू आणि पुन्हा काढलेला एक्स-रे एवढ्यावर भागते. धाप वाढली, तर सुईने हवा ओढून घ्यावी लागते किंवा छातीत बारीक नळी घालून ती पाण्याच्या बाटलीला जोडावी लागते. दाब वाढून रक्तदाब घसरू लागला, तर एक्स-रेची वाट पाहण्यासही सवड नसते.

खरा प्रश्न घरी परतल्यानंतरचा आहे. काही रुग्णांत हवा काही तासांनी, तर क्वचित काही दिवसांनी साठते. मुंबईत उपचार घेऊन मालवण तालुक्यातील आचऱ्याला परतलेला रुग्ण तोवर सुमारे ५०० किलोमीटर दूर आलेला असतो. गणपती असोत वा गावपळण, गावी पोहोचण्याची ओढ समजण्याजोगी आहे. परंतु रात्री धाप लागली, तर ओरोसचे जिल्हा रुग्णालय वा गोव्यातील बांबोळी गाठावी लागते. २०१४ पासूनची १०८ रुग्णवाहिका आणि २०२१-२२ मध्ये सिंधुदुर्गात सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे मोठे आधार खरे. पण रुग्णावर कोणता उपचार झाला, हे तेथील डॉक्टरांना ठाऊक असेल तरच.

म्हणूनच रुग्णाला घरी सोडताना एक्स-रेची प्रत, उपचाराची तारीख आणि धोक्याची लक्षणे मराठीत लिहून द्यायला हवीत. छातीत अचानक कळ, वाढती धाप, निळसर ओठ ही ती लक्षणे. दूरच्या रुग्णाने पहिले काही दिवस रुग्णालयाजवळच राहावे. नळीसह प्रवास करावाच लागला, तर बाटली छातीच्या पातळीखाली राहावी आणि हवा गळत असताना नळीला चिमटा लावू नये. फुफ्फुस पूर्ण फुलल्याची खात्री होऊन डॉक्टरांनी मुभा देईपर्यंत विमानप्रवास टाळावा. मालवणच्या समुद्रातील स्कूबा डायव्हिंगचा विचार तर तज्ज्ञांच्या स्पष्ट परवानगीवाचून करूच नये.

जखम सुईएवढी असली, तरी देखरेख तेवढीच लहान असून चालणार नाही. शहरात केलेल्या उपचाराची जबाबदारी रुग्णाच्या गावापर्यंत पोहोचली पाहिजे.