चारी चाकं ओढतात, पण थांबवतं कोण?



2018 सालचा पुरीम पुष्कळांच्या लक्षात असेल. आपले वाडवडील ज्याला होळीचा सण म्हणत, तो त्या वर्षी 28 फेब्रुवारीच्या संध्याकाळी लागला, आणि नेमक्या त्याच दिवसांत पूर्वेकडून आलेल्या थंडीने साऱ्या ब्रिटनला गाठले. वर्तमानपत्रांनी तिला 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' म्हटले. हवामान खात्याने आधी स्कॉटलंडच्या काही भागाला आणि 1 मार्चला दक्षिण वेल्स व नैर्ऋत्य इंग्लंडला लाल इशारा दिला. नर्सेस आणि डॉक्टरांना कामावर पोचवण्यासाठी ठिकठिकाणच्या हॉस्पिटलांनी 'फोर बाय फोर' गाडीवाल्यांना हाक मारली, आणि लोक धावून आले. आमचा जन्म नर्सिंगमध्ये गेला. पाळी बदलायला माणूस आलं नाही तर वॉर्डात काय होतं, ते आम्हांला कोणी सांगायला नको. तेव्हा या गाड्यांना आम्ही नावं ठेवणार नाही.

पण आपल्या घरोघरी आता मुलं म्हणतात, "आई, चारी चाकांना जोर असलेली मोठी गाडी घेऊ, म्हणजे बर्फाची चिंताच नको." या 'चिंताच नको'बद्दल आज थोडं बोलू या.

साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोन चाकांना मिळतो. ती दोन गुळगुळीत बर्फावर आली की जागच्या जागी फिरतात. जोर चारी चाकांना दिला तर ज्या चाकाला पकड आहे ते गाडी पुढे नेतं. ही कल्पना जुनी आहे आणि त्यात ब्रिटनचा मोठा वाटा आहे. वेस्ट ब्रॉमिचच्या जेन्सन कंपनीने 1966 साली 'एफएफ' नावाची आलिशान गाडी काढली, तिला चारी चाकांचा जोर होता. ट्रॅक्टरवाल्या हॅरी फर्ग्युसन यांनी काढलेल्या कंपनीची ती विद्या. अशा गाड्या जेमतेम 320 झाल्या. मग 1970 साली रेंज रोव्हर आली आणि 1980 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आउडीने 'क्वात्रो' दाखवली.

आज दुकानात गेलात तर सगळेच 'ऑल-व्हील ड्राइव्ह' म्हणतात, पण आतली रचना वेगवेगळी असते. पहिला प्रकार कायमचा: जोर सतत पुढेमागे वाटला जातो, मध्ये डिफरन्शियल असतो. मोठ्या आउडी गाड्यांत पुष्कळ वर्षं टॉर्सेन नावाची दातेरी चाकांची रचना होती. एका बाजूची चाकं घसरू लागली की ती आपोआप दुसऱ्या बाजूला जास्त जोर देते. मर्सिडीजच्या बऱ्याच 'फोरमॅटिक' गाड्याही कायमच्या प्रकारातल्या. दुसरा प्रकार बीएमडब्ल्यूच्या 'एक्सड्राइव्ह'चा: मूळ ओढा मागच्या चाकांकडे, आणि पुढच्यांना किती द्यायचं ते संगणक क्लचच्या चकत्या दाबून क्षणार्धात ठरवतो. तिसरा प्रकार व्हॉल्वोच्या अनेक गाड्यांत आणि आउडीच्या लहान गाड्यांत दिसतो: एरवी पुढची चाकं ओढतात, गरज पडली की मागची जोडली जातात. म्हणजे 'क्वात्रो'ची पाटी एकच, पण आतलं यंत्र एकच असेल असं नाही. घेण्याआधी विचारून घ्यावं. चौथा प्रकार विजेच्या गाड्यांचा: पुढे एक मोटर, मागे एक, मधला दांडा नाहीच.

यात श्रेष्ठ कोण? चढावर, बर्फात उभी गाडी हलवायची असेल तर कायमचा प्रकार बिनतक्रार चालतो, आणि आजचे संगणकवालेही फार मागे नाहीत. आपल्या गल्लीतल्या दोन-तीन इंच बर्फाला यातलं कुठलंही पुरे.

पण यातलं एकही यंत्र गाडी थांबवत नाही! ब्रेक तर साध्या गाडीलाही चारी चाकांना असतात. कोकणातला घाट आठवा. चढताना बैलांची ताकद लागते, उतरताना गाडी आवरावी लागते. इथल्या हायवे कोडप्रमाणे ताशी 30 मैल वेगाला कोरड्या रस्त्यावर थांबायला 23 मीटर लागतात, आणि बर्फावर हे अंतर दहापट होऊ शकतं. म्हणजे 230 मीटर, फुटबॉलच्या दोन मैदानांहून जास्त. मोठी गाडी सहज सुटते, म्हणून चालवणाऱ्याला वाटतं रस्ता बरा आहे, आणि पहिल्या वळणावर खरं काय ते कळतं.

थांबवतो तो टायर. उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंशांखाली कडक होऊ लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. त्याच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचं फूल असं चिन्ह असतं, ते पाहून घ्यावं. जर्मनीत बर्फाच्या रस्त्यावर असे टायर कायद्याने लागतात, ब्रिटनमध्ये सक्ती नाही, म्हणून आपण विसरतो. उन्हाळी टायरवरच्या चार चाकी जोराच्या गाडीपेक्षा हिवाळी टायरवरची साधी गाडी बर्फात लवकर थांबते. आलिशान गाड्यांचे रुंद टायर तर ताज्या बर्फावर आणखीच तरंगतात. चारी टायर सारखे असावेत, नाहीतर मधल्या यंत्रावर ताण येतो. नक्षीची खोली कायद्याने 1.6 मिलिमीटर चालते, पण हिवाळ्यात 3 च्या खाली जाऊ देऊ नये. आलिशान गाडीच्या किमतीपुढे चार टायरांची किंमत ती काय?

निघायचंच असेल तर टपावरचाही बर्फ झाडा. गाडीत घोंगडी, फावडं, गरम चहाचा थर्मास आणि दिवसभराच्या गोळ्या ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते आतल्या खिशात ठेवावं, कारण गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

आणि लाल इशारा असेल तर निघूच नका. मेगिल्ला घरीही वाचता येते, मलिद्याचं ताट घरीही मांडता येतं. पिकुआख नेफेश, जीव वाचवणं, हे आपल्याकडे सगळ्यात वरचं. मुलाने "गाडी मोठी आहे, काही होत नाही" म्हटलं, तर त्याला एवढंच विचारा: टायर कुठले आहेत?