ऑर्डरचं पान बदलताय? आधी चिठ्ठ्या टाका

आज पिकाचं नाही, विक्रीच्या पानाचं लिहितोय.

हिंजवडी, माण, मारुंजीच्या सोसायट्यांना थेट इंद्रायणी आणि भाजी देणारे आपल्यातले काहीजण आता वेबसाइट काढतात. मग कोणीतरी सांगतं, बटण हिरवं करा, फोटो मोठा टाका, ऑर्डरी वाढतील. पान बदललं जातं, पुढच्या आठवड्यात ऑर्डरी वाढतात आणि डिझाइनवाल्याचं बिल निघतं. तो आठवडा पगाराचा होता, हे कोणी बघत नाही. महिनाअखेरीला जुनं पान आणि 1 तारखेनंतर नवं, ही तुलना म्हणजे एक वाण विहिरीजवळच्या काळ्या रानात आणि दुसरा मुरमाड टेकाडावर लावून उतारा मोजणं झालं.

दोन्ही पानं एकाच वेळी चालू पाहिजेत. कोणाला कोणतं दिसणार हे चिठ्ठीवर सोडायचं आणि शंभरातल्या किती जणांनी ऑर्डर दिली ते मोजायचं. आयटीवाले याला ए/बी टेस्टिंग म्हणतात. पण मूळ विद्या शेतातली आहे. रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडच्या रोदमस्टेड शेती संशोधन केंद्रात गेले आणि चिठ्ठ्या टाकून वाफे ठरवायची पद्धत तिथे बसवली. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी तीच शिस्त पीक कापणी प्रयोगात आणली. त्या दोघांचं संख्याशास्त्राचं पुस्तक 1954 पासून कृषी महाविद्यालयांत आहे. त्यामुळे कृषी पदवीधरांनी तरी या विषयाला बिचकू नये.

आता कडू भाग. शंभरात 3 ऑर्डरी येतात आणि नव्या पानाने 5 होतात का, हे खात्रीने सांगायला दोन्ही पानांवर साधारण दीड-दीड हजार माणसं यावी लागतात. 3 चे 4 होतात का बघायचं तर प्रत्येकी पाच हजारांच्या वर. आपलं पान महिन्याला दोन-तीनशे लोक उघडतात. तेवढ्यावर बटणाचा रंग तपासणं म्हणजे एका गुंठ्यावर पाच वाणांची शर्यत. कोणी या कामाचे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा, असं माझं मत आहे.

लहान रानात मोठा फरकच दिसतो, म्हणून मोठा बदल तपासा. उदाहरणार्थ, आधी खातं उघडा, ओटीपी टाका, मग पत्ता, असं एक पान. दुसऱ्यावर फक्त नाव, फ्लॅट नंबर आणि किती किलो. वाटणी सोपी आहे: मोबाइलचा शेवटचा आकडा सम असेल तर एक लिंक, विषम असेल तर दुसरी. किती माणसं झाल्यावर मोजायचं ते आधी वहीत लिहा. चौथ्या दिवशी एक पान पुढे दिसलं म्हणून थांबणं म्हणजे पीक गुडघाभर असताना उतारा जाहीर करणं. भाव मात्र दोन्हीकडे एकच ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर फरक तासाभरात कळतो, शेजारच्या वाफ्याचं पाणी झिरपावं तसा.

आणि एक. 'फक्त 3 पिशव्या शिल्लक' असं खोटं लिहून किंवा डिलिव्हरीचे पैसे शेवटी दाखवूनही ऑर्डरी वाढतात. केंद्राच्या 2023 च्या डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक सूचनांत या दोन्हींना मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आपलं गिऱ्हाईक तांदूळ संपल्यावर परत येतं की नाही, यावर आपलं पोट आहे. म्हणून मी पहिली ऑर्डर मोजून थांबत नाही. दोन महिन्यांनी त्याच नंबरावरून पुन्हा ऑर्डर आली का, तो रकाना वहीत वेगळा ठेवतो.