परिचर्येचे श्रम आणि सरकारचा हिशोब

मोटार अपघातात गृहिणी दगावली तर तिच्या घरकामाचे मोल किती धरावयाचे, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा केला आहे. गृहिणींना भिकारी, वेश्या व कैदी यांच्या पंक्तीला बसवून ‘अनुत्पादक’ ठरविणाऱ्या जनगणनेच्या वर्गीकरणावर २०१० च्या एका निकालात न्यायमूर्तींनी कोरडे ओढले. २०२१ च्या निकालात तर गृहिणीचे मानीव उत्पन्न ठरविणे म्हणजे तिच्या श्रमांना मान्यता देणे होय, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निकाल स्वागतार्हच आहेत. पण त्यांचा अर्थ असा की, बाई मेल्यावर विमा कंपनीपुढे तिच्या श्रमांना किंमत येते आणि ती जिवंत असताना सासूचे अंथरूण बदलते, पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या नवऱ्याला कुशीवर वळविते, मतिमंद मुलाला भरविते, तेव्हा त्या श्रमांना शासनाच्या लेखी अस्तित्वच नसते.

केंद्र सरकारच्याच २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या; पुरुष २१.४ टक्के. देखभाल करणाऱ्या स्त्रीचा त्यात रोज सुमारे १४० मिनिटे वेळ जातो, पुरुषाचा ७४ मिनिटे. ही सरासरी आहे. ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलेला आहे, तेथे मिनिटे मोजण्यात काय अर्थ? तेथे रात्रही कामाचीच असते.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. त्याने कर्तव्ये वाटून दिली. २००७ च्या कायद्याने वृद्ध आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली आणि त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. कायद्याच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. प्रत्यक्षात बहुतेक घरांत जी सून हे सारे निस्तरते, तिचा त्या व्याख्येत उल्लेखही नाही. आणि शासन स्वतः काय देते? राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या दरिद्री वृद्धामागे केंद्राचा वाटा महिना २०० रुपये, आणि तो २००७ पासून जागचा हललेला नाही. मुलाला तुरुंगाचा धाक घालणाऱ्या सरकारने हा आकडा एकदा आरशात पाहावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात मात्र एक मोलाचा शब्द आहे. ज्यांना सतत मोठ्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी ‘परिचर्या भत्ता’ देणारी योजना सरकारने करावी, असे ते कलम सांगते. त्याच कलमाच्या आरंभी ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाटही ठेवलेली आहे, आणि आमच्या सरकारांना कलमापेक्षा पळवाटच अधिक पाठ असते. महाराष्ट्रात निराधार अनुदानाच्या रूपाने दिव्यांगाच्या हाती थोडी रक्कम पडते. त्याला उचलून बसविणाऱ्या हातांसाठी कायद्याने बांधलेली राज्यव्यापी तरतूद उभी राहिलेली नाही. केरळने २०१० साली ‘आश्वासकिरणम्’ योजना आणून अंथरुणावरील रुग्णांच्या परिचारकांना मदत सुरू केली. ती महिना ६०० रुपये झाली, ही रक्कम लाज वाटावी इतकी तुटपुंजी आहे आणि ती थकल्याच्याही तक्रारी झाल्या. तरीसुद्धा रुग्णापलीकडचा दुसरा माणूस केरळला दिसला, हे मान्य केले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, महाराष्ट्रात आता लाडक्या बहिणीला दीड हजार मिळतातच की! जुलै २०२४ पासून गरीब घरांत गेलेला तो पैसा आम्ही हिणवीत नाही. त्यावर अनेक चुली पेटल्या आहेत. पण तो बहिणीला मिळतो, श्रम करणारणीला नव्हे. निवडणुकीपूर्वी अर्ज सरसकट स्वीकारावयाचे आणि निवडणूक उलटल्यावर छाननी करून नावे गाळावयाची, हे ओवाळणीत चालते. हक्काच्या मोबदल्यात चालत नाही.

हक्कसुद्धा कसा लिहिला जातो याकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९७६ साली परिचारकांसाठी भत्ता सुरू झाला तेव्हा विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते, कारण त्या घरी असणारच, असा हिशोब! आईच्या देखभालीसाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक या विवाहितेने लढा दिला, आणि १९८६ साली युरोपीय न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरविला. पुढे दुसरीच मेख निघाली. आठवड्याला ठराविक रकमेहून एक पौंड अधिक कमावला की सारा भत्ता बंद, अशी अट होती. शासनाने वर्षानुवर्षे ती चूक नजरेआड केली आणि मग एकदम वसुली लावली. २०२४ मध्ये लाखाहून अधिक परिचारक असे कर्ज फेडीत असल्याचे उघड झाले. आपल्याकडील योजनेचा मसुदा करणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे. चार घरची धुणीभांडी करून उरलेल्या वेळात आजाऱ्याकडे पाहणाऱ्या बाईचा भत्ता चार पैसे जास्त मिळाले म्हणून तोडणे, यासारखा अन्याय नाही.

स्त्रीमुक्ती चळवळीतील काही भगिनींचा आक्षेप आम्हांस अधिक गंभीर वाटतो. असा भत्ता स्त्रीला घरातच जखडून टाकील, असे त्या म्हणतात. नुसता पैसा देऊन शासनाने हात झटकले, तर तसेच होईल. म्हणून भत्ता पुरुष परिचारकालाही मिळावा, त्याबरोबर भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता शासनाने भरावा, आणि तालुक्याच्या ठिकाणी रुग्णाला दिवसभर ठेवता येईल असे केंद्र असावे. घरी येणाऱ्या परिचारिकेची व्यवस्था पंचायतींमार्फत करता येते. केरळने २००८ च्या उपशामक सेवेच्या धोरणानंतर ती करून दाखविली आहे.

पैसा कोठून आणावयाचा? हा प्रश्न महाराष्ट्राने तरी विचारू नये. शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसवून रोजगार हमीसाठी पैसा उभारण्याचा निर्णय १९७५ साली याच राज्याने घेतला, आणि १९७७ साली त्या हमीचा कायदाही केला. या कराची घटनेतील कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे. १९८८ पासून ती तेथेच आहे आणि लाखांत पगार घेणाराही तेवढ्यावरच सुटतो. ही मर्यादा वाढवून घेण्यासाठी राज्याने दिल्लीत भांडावे आणि वाढीव उत्पन्न या कामासाठी राखून ठेवावे.

आता थोडे आपल्याकडे. आपल्या चळवळीतील किती पूर्णवेळ कार्यकर्ते वर्षानुवर्षे मोर्चे, सत्याग्रह, शिबिरे करू शकले, ते घरी म्हाताऱ्या आईबापांचे सारे करणारी कोणी होती म्हणून! तिच्या त्यागाचा गौरव आपण सत्कार समारंभात शाल देऊन केला. मागणीपत्रात तिचा प्रश्न सतरावा आला किंवा आलाच नाही.

तालुका शाखांनी काम गावपातळीवरच सुरू करावे. प्रत्येक गावातील अंथरुणावरच्या रुग्णांची व त्यांची देखभाल करणाऱ्यांची यादी करावी. जे दिव्यांग प्रमाणपत्रधारक आहेत, त्यांचे २०१६ च्या कायद्याच्या ३८ व्या कलमाखालील मोठ्या आधाराचे अर्ज भरून घ्यावेत. अर्ज तोंडी नाकारला तर कार्यालयातून उठू नये. नकार लेखी, सही-शिक्क्यासह मागावा आणि त्याची एक प्रत पक्ष कार्यालयाकडे पाठवावी.