थांबण्याचा खेळ

आगगाडीचा ड्रायव्हर व्हावे असे लहानपणी ज्याला कधीच वाटले नाही, असा मनुष्य विरळा. पुढे हीच मंडळी वकील होतात, कारकून होतात, डॉक्टर होतात आणि सकाळच्या गाडीला लोंबकळताना त्याच ड्रायव्हरच्या नावाने बोटे मोडतात! पण मूळची हौस काही मरत नाही. म्हणून तर संगणकावर गाडी चालवण्याचे खेळ जगभर खपतात आणि त्यांत नातवाइतकाच आजोबाही रमतो.

या खेळाला सिम्युलेटर म्हणतात. पडद्यावर रूळ धावत येतात, हाताशी वेगाची आणि ब्रेकची कळ असते, सिग्नल पाळायचा असतो आणि वेळापत्रकाप्रमाणे गाडी फलाटाला लावायची असते. जपानात 1996 साली ‘देन्शा दे गो’ नावाचा असा एक खेळ निघाला. त्यात कोणाला मागे टाकायचे नव्हते. वेळेवर पोहोचून फलाटावरच्या खुणेशी गाडी नेमकी उभी केली की शाबासकी, आणि खूण ओलांडली किंवा ब्रेकचा हिसका दिला की गुण वजा. पळण्यापेक्षा थांबण्याला मोल देणारा हा खेळ जपानी पोरांनी डोक्यावर घेतला.

पुढे 2001 साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘ट्रेन सिम्युलेटर’ काढला. त्यात सहा मार्ग होते. अमेरिकेतले दोन, जपानातले दोन, ब्रिटनमधला एक आणि ऑस्ट्रियातला एक. भारताचा एकही नाही. मात्र आपला मार्ग आपणच तयार करण्याची साधने त्याबरोबर दिली होती, आणि आपल्याकडच्या हौशी तरुणांनी त्यांवर भारतीय इंजिने, डबे आणि मार्ग रचले. आज ‘ओपन रेल्स’ नावाची तशीच एक प्रणाली फुकट मिळते. तीही स्वयंसेवकांनीच घडवलेली आहे.

मार्ग रचणे म्हणजे दिवाळीतला किल्ला करण्यासारखेच काम. आधी जमिनीचा चढउतार, मग रूळ, पूल, सिग्नल, फलाट, आणि शेवटी माणसे. किल्ल्यावर मावळे मांडायचे राहिले तर तो जसा नुसता मातीचा ढीग दिसतो, तसाच प्रवाशांवाचून मार्गही ओकाबोका दिसतो.

आता कोणी विचारले, की बाबा, तुझ्या पसंतीचा एक मार्ग सुचव, तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन, विरार ते डहाणू रोड! चर्चगेट–विरार एवढा नामांकित मार्ग सोडून हे काय भलतेच, असे आपल्याला वाटेल. म्हणून माझी बाजू मांडतो.

अंतर 64 किलोमीटर. विरार सोडले की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड. म्हणजे दोन स्थानकांत सरासरी आठ किलोमीटर. चर्चगेट–विरारच्या 60 किलोमीटरांत हेच अंतर दोनेक किलोमीटरांवर येते. तिथे मोटरमनने वेग घेतो न घेतो तोच पुढचा फलाट हजर! विरारपुढे मात्र गाडी खरी धावते. आणि जी धावते तिला थांबवणे अवघड. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर. बारा डब्यांची, अडीचशे मीटरच्या घरातली ही धूड खुणेशी अलगद टेकवायची, तर ब्रेकचा विचार फलाट दिसण्याआधीच करायला हवा.

आजूबाजूचा देखावाही रचणाऱ्याच्या हाताला काम देणारा आहे. वैतरणेच्या खाडीवरचे लांब पूल आहेत. त्या पुलांच्या मध्ये वाढीव नावाचे बेट आहे, आणि तिथली माणसे वर्षानुवर्षे जीव मुठीत धरून रेल्वेच्याच पुलावरून चालत स्टेशन गाठत आली आहेत. पूर्वेला डोंगर आहेत. सफाळ्याजवळ तांदूळवाडी, पालघरजवळ काळदुर्ग, बोईसरजवळ असावा, असे तीन किल्ले या मार्गाच्या सोबतीला आहेत. पश्चिमेला केळवे-माहीमच्या पानवेली, सातपाटीचे कोळी, डहाणूच्या चिकूवाड्या. आणि बोईसर म्हणजे तारापूरचे दार. देशातले पहिले अणुवीज केंद्र 1969 साली तारापूरला सुरू झाले. पुढे तिथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि बोईसरच्या फलाटावर पाळीच्या भोंग्याप्रमाणे गर्दीची भरती-ओहोटी सुरू झाली.

मुंबईहून गुजरातकडे जाणारी रेल्वे 1864 सालची. पण विजेची लोकल 1936 साली विरारपर्यंत आली आणि तिथेच थबकली. पुढे विरारच्या पलीकडेही वीज आली, पण ती निराळ्या जातीची. अलीकडे 1500 व्होल्टचा एकदिश प्रवाह, पलीकडे 25,000 व्होल्टचा प्रत्यावर्ती. एकाच तारेखाली जणू दोन संस्थाने! पलीकडच्या प्रवाशांनी शटल आणि पॅसेंजरवर दिवस काढले. 2012 साली अलीकडचा प्रवाहही बदलून 25,000 व्होल्टचा झाला, आणि 16 एप्रिल 2013 रोजी लोकल डहाणू रोडला पोहोचली. पुढच्याच वर्षी, 1 ऑगस्ट 2014 रोजी, पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

पण माझे खरे कारण अजून सांगायचेच आहे. विरारपर्यंत निदान चार मार्ग आहेत. पुढे मुंबई–दिल्लीची सगळी वाहतूक पिढ्यानपिढ्या दोनच मार्गांवर चालत आली, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. त्यावरूनच राजधानी, त्यावरूनच वंदे भारत, त्यावरूनच मालगाडी आणि त्यावरूनच आपली लोकल. संध्याकाळी पाचला राजधानी मुंबई सेंट्रलहून निघते. कचेरीतून सुटलेली माणसे साधारण त्याच सुमारास घराकडे निघतात. मागून वेगवान गाडी आली, की लोकलला एखाद्या स्थानकात बाजूच्या रुळावर घ्यायचे आणि ती धडाडत निघून जाईपर्यंत उभे ठेवायचे. डब्यातले दिवे लागलेले, पंखे फिरत असलेले, आणि बाहेर लाल सिग्नल!

समजा, अशा गाडीत दोन हजार माणसे आहेत आणि ती दहा मिनिटे थांबली. झाली वीस हजार मिनिटे, म्हणजे जवळजवळ चौदा दिवस. एका माणसाच्या आयुष्यातले चौदा दिवस एका थांब्यात खर्ची पडले. कोणाचे मूल पाळणाघरात आहे, कोणाची तारापूरकडे जाणारी बस चुकणार आहे, कोणाला जाऊन चूल पेटवायची आहे. राजधानीतल्या माणसाला यातले काही ठाऊक नसते, आणि त्याचाही दोष नाही. त्यालाही दिल्ली गाठायची असते. गाड्यांचे नियंत्रण करणाऱ्यालाही दोन मार्गांतून तिसरा काढता येत नाही.

म्हणून हा मार्ग रचणाऱ्याला माझी एक विनंती आहे. खेळाडूने किती वेगाने गाडी हाकली याचे गुण मोजू नका. गाडीतल्या माणसांची मिनिटे मोजा. दहा मिनिटे उभे राहिलात की पडद्यावर त्या वीस हजार मिनिटांचा आकडा दिसू द्या. चालकाने सिग्नल पाळला तरी तो आकडा वाढतच जातो, हे कळू द्या. शहरातल्या मुलाला विरारपुढचे जग दाखवण्याचा याहून सोपा उपाय मला सुचत नाही.

आणि हे काम लवकर व्हायला हवे. 2016 साली मंजूर झालेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात विरार–डहाणू मार्ग चौपदरी करण्याचे काम हाती घेण्यात आले. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग याच जिल्ह्यातून नेला आहे. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या आराखड्यात विरार आणि बोईसर ही स्थानके आहेत. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी 2024 साली झाली. जुने पूल, फलाट, झाडे, स्टेशनाबाहेरची टपरी, यांतले काय राहील आणि काय जाईल कोण सांगावे?

चार मार्ग झाले तर लोकल कमी थांबेल. ती कमीच थांबावी. पण खेळात दोन्ही ठेवावे, आजचे दोन आणि उद्याचे चार. तीच संध्याकाळ, त्याच गाड्या, एकदा असे खेळा आणि एकदा तसे. मिनिटांच्या आकड्यांतला फरक पाहिला, की हा सारा खर्च कशासाठी, हे मुलांना भाषणावाचून समजेल.

तेव्हा या सुट्टीत एखाद्या दिवशी मुलांना घेऊन विरारपुढे जा. गर्दीची वेळ टाळा. खिडकीची जागा मिळाली तर वहीत टिपणे करा. फलाट कोणत्या हाताला येतो, पूल कुठे लागतो, गाडी कुठे थांबली आणि किती वेळ. दारात उभे राहून चित्रे घेऊ नका आणि रुळांवर पाऊल टाकू नका. शेजारी एखादे जुने पासधारक आजोबा असले तर त्यांना शटलच्या दिवसांबद्दल विचारा. ते बोईसर येईपर्यंत बोलत राहतील. आणि पुढे तुमच्यापैकी कोणी हा मार्ग खरोखरच रचला, तर बोईसरचा फलाट मोकळा ठेवू नका. तिथे दुसऱ्या पाळीची मंडळी डबे घेऊन गाडीची वाट पाहत उभी असू द्या.