नळाचे पाणी आणि लोकांचा विश्वास

डब्लिनच्या उत्तरेला, विमानतळाच्या वाटेवर सँट्री हे उपनगर आहे. त्याचा काही भाग डब्लिन शहर परिषदेत, काही फिंगल काउंटी परिषदेत येतो. पूर्वी नळाच्या पाण्याची जबाबदारी या परिषदांचीच होती. 1978 मध्ये आयर्लंडने निवासी घरपट्टी रद्द केली, आणि परिषदांचा हक्काचा पैसा आटला. जुन्या वाहिन्या तशाच राहिल्या. 2018 मध्येही शुद्ध केलेले जवळपास निम्मे पाणी गळून जात होते.

1 जानेवारी 2014 रोजी हे काम ‘आयरिश वॉटर’ या राष्ट्रीय कंपनीकडे गेले. दारोदारी मीटर बसू लागले, बिले आली आणि माणसे रस्त्यावर उतरली. करातून एकदा पैसे दिले, मग पुन्हा का, हा त्यांचा सवाल होता. अखेर 2017 च्या कायद्याने घरगुती आकारणी थांबली, भरलेली रक्कम परत मिळाली. आज घरगुती पाण्याचा खर्च मुख्यतः सरकारी तिजोरीतून होतो.

आपल्याकडे पुणे महापालिकेने 2017 मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले. तिथेही मीटर आले, तिथेही शंका उठल्या.

पाणी फुकट तयार होत नाही. कर असो वा बिल, पैसा नागरिकाच्याच खिशातून जातो. म्हणून आधी गळती थांबवा, हिशेब लोकांसमोर मांडा, गरिबाच्या वाट्याचे पाणी राखा. मीटर त्यानंतर लावा.