खाऱ्या मत्स्यपेटीत शैवालास प्रथम मान

ज्या शहराची तहान निळोणा आणि चापडोह या जलाशयांवर भागत आली आणि २०१८ च्या उन्हाळ्यात ज्या शहरातील नागरिकांना नळाच्या पाण्याची वाट दिवसचे दिवस पाहावी लागली, त्या यवतमाळात एखाद्या गृहस्थाने दिवाणखान्यात समुद्राचे पाणी सिद्ध करून त्यात मासे पाळावेत काय, हा प्रश्न वरकरणी छांदिष्ट वाटला तरी माझ्या मते तो पूर्ण गांभीर्याने विचारला गेला पाहिजे. आणि पाळावेत, परंतु माशांच्या आधी त्या पेटीत समुद्रशैवालाची तजवीज करावी, असे माझे त्यावर स्पष्ट मत आहे.

समुद्र येथून शेकडो मैल दूर, आणि जिल्ह्यातील कित्येक गावांचे भूजल तर फ्लोराइडमुळे माणसांनाही अपायकारक ठरलेले. म्हणून येथील खारे पाणी म्हणजे आरओ यंत्रातून गाळलेल्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मत्स्यालयाचे मीठ विरघळवून केलेले पाणी. घरगुती यंत्र एका लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते, हा हिशेब ध्यानात घेतला म्हणजे पेटीतले पाणी वरचेवर बदलणे ही येथे किती महाग चैन आहे हे कळते. (बाहेर पडलेले ते पाणी भांडी व फरशी यांच्या कामी अवश्य यावे.) पाणी बदलावे लागते त्याचे मुख्य कारण असे की, माशांच्या उत्सर्गातून निघणाऱ्या अमोनियाचे जिवाणू प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, आणि तेथे त्यांचे काम थांबून नायट्रेट मात्र साचत राहते. शैवाल हे नायट्रेट आणि त्यासोबतचे फॉस्फेट शोषून स्वतःची वाढ करते. परंतु जे त्याने शोषले ते पेटीबाहेर जाते केवळ आपण त्याची तोडणी करतो तेव्हाच. शोभेसाठी लावलेले आणि कधीच न छाटलेले शैवाल तळाशी कुजते व घेतलेले सर्व पाण्याला परत करते, ही गोष्ट हौशी मंडळी नेमकी विसरतात.

ही कल्पना नवी नव्हे. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती यांचा एकाच पात्रातील समतोल मांडला, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथाने खाऱ्या पाण्याच्या पेटीचे वेड इंग्लंडात घरोघर पोहोचविले. विजेचा पंप त्या काळी नव्हता. जे काही होते ते हिरव्या पानांच्या भरवशावर होते.

शैवालांत मी पसंती देईन ती किटोमॉर्फाला, म्हणजे ताठ हिरव्या तंतूंच्या त्या गुंत्याला, ज्याला मुळाची गरज नाही, आणि जो एका कप्प्यात दिव्याखाली ठेवून दिला तरी बिनतक्रार वाढतो. कॉलर्पा अधिक देखणा खरा, आणि त्याचे संपूर्ण शरीर, देठ-पाने भासणाऱ्या सर्व अवयवांसह, एकच पेशी असते हे आश्चर्य पाहण्याजोगेही आहे. तथापि प्रजननाची वेळ आली की तो एका रात्रीत पांढरा पडून आपला सारा अंतर्द्रव पाण्यात सोडतो, पाणी गढूळते, प्राणवायू घटतो आणि सकाळी मासे गतप्राण आढळण्याचा संभव असतो. शिवाय मत्स्यालयातून निसटलेल्या याच वंशातील एका जातीने काय अनर्थ केला ते जगाला ठाऊक आहे: १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली जेमतेम एक चौरस मीटर दिसलेला तो हिरवा पट्टा पुढे भूमध्यसागराच्या हजारो हेक्टर तळावर पसरला.

वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पेटीची खरी परीक्षा होते. आपली कोरडी हवा येथे उपकारक आहे, कारण पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा सोडला तरी कूलरच्याच न्यायाने पाणी काही अंशांनी थंड होते. मात्र उडून जाते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते, सबब भरती नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने करावी. भारनियमनाच्या रात्री दक्षता अधिक हवी, कारण अंधारात शैवालही माशांप्रमाणेच प्राणवायू खाते. शैवालाच्या कप्प्याचा दिवा रात्री लावण्याची पद्धत त्यासाठीच योग्य, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ नसेल त्याने या वाटेला जाऊच नये. सर्जनफिशसारखा शैवालभक्षक मासा लहान पेटीत तर नकोच; क्लाउनफिशची जोडी व एखादा गोबी पुरे.

प्रवाळाचा मोह ज्यांना होतो त्यांनी हे जाणावे की वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश २००१ मध्ये झाला आणि समुद्रघोड्यांचाही. शैवालाला तशी मनाई नसली तरी १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यातून ते उपटून आणण्याची मुभा कोणी स्वतःस देऊ नये. त्यापेक्षा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी एक-एक पेटी राखावी, कॉलर्पा विद्यार्थ्यांना पुस्तकातील आकृतीऐवजी जिवंत दाखवावा, आणि मागेल त्याला किटोमॉर्फाची मूठभर जुडी विनामूल्य द्यावी. देताना एवढी अट लेखी घ्यावी की तोडलेले शैवाल वाळवून मगच टाकले जाईल, आणि जुने खारे पाणी शेतात, विहिरीत वा नाल्यात ओतले जाणार नाही, कारण कापसाच्या काळ्या जमिनीत सोडियम मुरला की तिची घडण बिघडते आणि ती दुरुस्त करण्यास वर्षे लागतात.