पांढरी तोफ विकली

हो, विकली. ज्यांनी ज्यांनी फोनवर "काका, खरंच?" असं विचारलं, त्या सगळ्यांना एकदाच लेखी उत्तर देऊन टाकतो. कॅननची ती १००-४०० ची पांढरी लेन्स, जिला आमची नातवंडं तोफ म्हणायची, ती, तिच्याबरोबरचा ५डी मार्क टू आणि २४-१०५ ची लेन्स, असं सगळं बिऱ्हाड नांदेडच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या तरुणाला देऊन टाकलं. त्याच्या बदल्यात आता ईओएस आरपी (तोही दुसऱ्याच्या हातचा) आणि दोन हलक्या लेन्स आल्या आहेत. सेन्सर तेवढाच, फुल फ्रेम. फरक वजनाचा.

यावर दोन्हीकडून बोलणी खाल्ली. पुतण्याचं म्हणणं, "काका, पंचाहत्तरीत कशाला हा व्याप? मोबाईल आहे की!" आणि माझ्या वयाच्या हौशी मित्रांचं म्हणणं, एवढी नावाजलेली लेन्स विकून ही प्लॅस्टिकची खेळणी कशी घेतलीत? मला दोघांचंही पटत नाही. ओझं टाकावं, पण नेमकं कशाचं ओझं आहे ते आधी तोलून बघावं.

आता थोडं गणित. (मास्तर निवृत्त झाला तरी गणित सुटत नाही, सोसा.) मार्क टूची नुसती बॉडी ८१० ग्रॅम. २४-१०५ ची लेन्स ६७० आणि तोफ सुमारे १३८०. बॅटरी, पट्टा, पिशवी धरली की तीन किलोच्या वर जातं. नवं सामान: आरपी बॅटरी-कार्डासकट ४८५ ग्रॅम, २४-१०५ एफ ४-७.१ ची लेन्स ३९५, १००-४०० एफ ५.६-८ ची ६३५. बेरीज दीड किलो. म्हणजे ओझं निम्मं झालं. पण कुठे झालं ते बघा. कॅमेऱ्यात वाचले जेमतेम चारशे ग्रॅम. लेन्समध्ये वाचला किलोच्या वर!

दुकानदार हे सांगत नाहीत. ते म्हणतात मिररलेस घ्या, आरसा गेला की वजन गेलं. आरसा जातो हे खरं. सोनीने २०१३ साली ए-सेव्हन काढला तो बॅटरीसकट ४७४ ग्रॅमचा होता, सगळे थक्क झाले होते. पण त्याच सोनीची २४-७० एफ २.८ ची भारी लेन्स २०१६ साली आली, ती ८८६ ग्रॅमची! आरसा काढून टाकला म्हणून काचेचं वजन कमी होत नाही. चारशे मिलिमीटरला ५.६ ने भागा, सुमारे ७१ येतात. ८ ने भागा, ५० येतात. समोरच्या काचेचा व्यास निदान तेवढा लागतो, त्यातून सुटका नाही. मग जुन्या लेन्स ठेवून फक्त बॉडी बदलणाऱ्याच्या हाती काय लागतं? अडॅप्टर ११० ग्रॅमचा. तीनशे ग्रॅमसाठी एवढा खर्च करायचा तर त्यापेक्षा आहे तेच वापरावं. बदलायचंच तर लेन्स बदला, आणि छिद्र लहान असलेल्या घ्या.

छिद्र लहान म्हणजे प्रकाश निम्मा, हा मित्रांचा आक्षेप रास्त आहे. पण मार्क टू २००८ चा आणि आरपी २०१९ चा. मार्क टूचा मूळ आयएसओ ६४०० ला संपायचा, आरपीचा ४०,००० पर्यंत जातो. मधल्या अकरा वर्षांत सेन्सर इतका सुधारला की लेन्समध्ये गमावलेला प्रकाश तो बऱ्यापैकी भरून देतो. आषाढ वद्य एकादशीला आमच्या नर्सीला परतवारी भरते, पंढरपूरहून परतलेले वारकरी नामदेवांच्या दर्शनाला येतात. आभाळ भरलेलं, छत्र्या, इरली, चिखल. त्या उजेडात एफ ८ म्हणजे अवघडच. पण आयएसओ ६४०० ला चेहरे ओळखू येतात, घामाचे थेंबसुद्धा दिसतात. मला आणखी काय हवं? शिवाय पांढरी लेन्स बघितली की गर्दीतली माणसं "पेपरवाले आले" म्हणून सावरून उभी राहायची, काही तर मागण्याच सांगायला लागायची. आता कुणी ढुंकून बघत नाही. बरं वाटतं.

आता पुतण्याच्या मोबाईलकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

आमच्या गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर म्हाताऱ्या माणसांचा नीट फोटोच नसतो. माणूस गेला की धावपळ सुरू होते. मग आधार कार्डावरचा तो अंगठ्याएवढा फोटो स्टुडिओत मोठा करतात, मागे निळं आभाळ चिकटवतात आणि त्याला हार घालतात. आयुष्यभर रानात राबलेल्या बाईची घरातली एकमेव आठवण काय, तर घाबरून कॅमेऱ्याकडे बघतानाचा एक धुरकट चेहरा. म्हणून निवृत्तीनंतर मी ठरवून हे काम धरलं. म्हाताऱ्यांच्या घरी नाहीतर शेतावर जायचं, उजेडात बसवायचं, फोटो काढायचा आणि बारा बाय अठराची प्रिंट नेऊन द्यायची. पैसे घेत नाही. कुणी हुरडा देतं, कुणी हळद.

या प्रिंटसाठी फुल फ्रेम लागतो. चांगल्यातल्या चांगल्या मोबाईलचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा असतो, फुल फ्रेमचा छत्तीस बाय चोवीस मिलिमीटर. मोबाईल ती उणीव हुशारीने लपवतो, चेहरा गुळगुळीत करून. ज्या सुरकुत्यांसाठी फोटो काढायचा त्याच पुसून टाकतो. आणि दुसरं असं की मोबाईल समोर धरला तर आमचे आजोबा मान वळवून म्हशीशीच बोलत बसतात. कॅमेरा काढला की टोपी सरळ करतात, धोतराचा सोगा नीट घेतात. हा फरक कुठल्याही तक्त्यात सापडायचा नाही.

गेली दोन-तीन वर्षं हे काम थांबत आलं होतं. उजवा खांदा आखडलेला, त्यात साखर. पिशवी उचलली की सौ. आधी माझ्याकडे बघायची, मग दाराकडे. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं होत राहिलं. त्या उद्या-परवात चार जण गेले. चौघांच्याही भिंतीवर आधार कार्डाचाच फोटो आहे. दीड किलो कमी झाल्याची किंमत मी या हिशेबाने मोजतो. २०१५ साली घुमानला साहित्य संमेलन झालं तेव्हा मी पासष्टचा होतो. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने अमृतसर आणि पुढे घुमान, तीन किलो गळ्यात घेऊन. नामदेव महाराज इथून एवढ्या लांब पोचले कसे, याच नवलात होतो, गळ्यातलं वजन जाणवलंही नाही. आता ते दिवस गेले.

आणि फुल फ्रेम म्हणजे जड, अवजड, जवानांचं काम, हे समीकरण मुळातच उलटं आहे. ही छत्तीस बाय चोवीसची चौकट रूढ केली ती ऑस्कर बार्नाक नावाच्या जर्मन कारागिराने. लाइट्झ कंपनीत होता. त्याला दम्याचा त्रास. काचेच्या प्लेटांचा मोठा कॅमेरा घेऊन डोंगर चढवेना, म्हणून सिनेमाची फिल्म आडवी वापरून खिशात मावेल असा कॅमेरा १९१३-१४ च्या सुमारास बनवला. १९२५ मध्ये तो लायका नावाने बाजारात आला. तेव्हाचे जाणकार त्याच्या एवढ्याशा निगेटिव्हला नाकं मुरडत होते. म्हणजे आज ज्याला आपण मोठी चौकट म्हणून मिरवतो ती एका आजारी माणसाने ओझं झेपेना म्हणून काढलेली छोटी चौकट आहे. माझ्या मित्रांनी हे जरूर वाचावं.

तोटेही सांगतो, नाहीतर जाहिरात केल्यासारखं होईल. मार्क टूची बॅटरी साडेआठशे फोटो द्यायची, आरपीची अडीचशेच्या आसपास. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे खिशात दोन जादा बॅटऱ्या असतातच. व्ह्यूफाइंडरमध्ये खरं दृश्य नसतं, छोट्या टीव्हीसारखं चित्र असतं. त्याची सवय मला अजून झालेली नाही, होईल असंही वाटत नाही. जुन्या काचेतून माणसाच्या डोळ्यात बघता यायचं. आणि जुनं विकायचं असेल तर लवकर विका. २०२० नंतर कॅननचा नवा डीएसएलआर आलेला नाही, लग्नवाले भराभर मिररलेसकडे वळताहेत, भाव उतरत चाललेत.

दिवेलागणीच्या वेळी घरातच बसलेल्या म्हाताऱ्यांसाठी मात्र एफ ७.१ चं काही चालत नाही. ढाळजेतल्या उजेडात ती लेन्स हात टेकते. त्यासाठी ५० एमएम एफ १.८ घ्यायची आहे, आरएफची, १६० ग्रॅमची. कुणाकडे वापरात नसलेली पडून असेल तर कळवा, रास्त भावाने घेईन. पलीकडच्या वस्तीवरच्या एका आजीबाई बाहेर येत नाहीत, त्यांच्याकडे दिवाळीच्या आत जायचं आहे.